चुलीचं सुतक

उमान बेट, ६ मार्च १९७९

कासुओदादा,

तू समोर असतास तर हे मला सांगता आलं नसतं. तू बसलेला असताना मी कमरेत वाकून, जमिनीकडे बघत पुढून गेले असते आणि जे बोलायचं ते आईच्या तोंडून बोलले असते. बहिणीने भावापुढे कसं वागायचं हे मला कुणी शिकवायला नको. पण कागदापुढे वाकावं लागत नाही, म्हणून ताठ बसून लिहिते आहे.

परवा मी तीन पाहुण्यांना चुलीवर घेऊन गेले. पाहुणे नेहमी नाव विचारतात. मी सांगते, जपानी आरमाराचं दुरुस्तीचं जहाज होतं, त्याच्या भट्ट्या रात्रंदिवस धुमसायच्या, म्हणून आमच्या बायका त्याला चूल म्हणायच्या. विमानांनी ते बुडवलं त्याला पस्तीस वर्षं झाली, खरं नाव गंजलं आणि आमचं टिकलं. पाहुणे हसतात. मग हवेच्या टाक्या पाठीवर बांधून आम्ही उतरतो.

भट्टीच्या खोलीत शिरलो. आधीच्या आठवड्यात आलेल्या कुणीतरी बॉयलरच्या खोलीतून हाडं उचलून आणली होती. ऐरणीवर एक कवटी मांडली होती. तिच्या दातांत सिगारेटसारखी पितळी नळी खोचली होती. माझ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्यासारखं केलं आणि फोटो काढायला लागले. एकाने तर स्वतःचा पाण्यात घालायचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर लावायला घेतला. मी त्याचं मनगट धरलं आणि तसंच त्याला बाहेर काढलं. वर आल्यावर सांगितलं, मी तुम्हाला पुन्हा खाली नेणार नाही. मोएन बेटावरच्या ज्या दुकानासाठी मी पाहुण्यांना खाली नेते, त्या दुकानदाराने त्यांची माफी मागितली आणि मला घरी पाठवलं. नोकरी गेली.

दादा, आपले वडील बॉयलरवर कामाला होते. ती कवटी कुणाची, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर हातपाय चालले नसते.

आता माझं मागणं ऐक. घरातलं माणूस गेलं की आपण समुद्रातल्या आपल्या घराण्याच्या खडकावर झावळ्या बांधलेली काठी रोवतो. मग सहा महिने त्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही, नांगर टाकत नाही, उतरत नाही. वडिलांसाठी ती काठी कधी रोवलीच नाही. चूल सरकारची असेल, पण तिच्यावर उतरायचं तर नांगर आपल्याच खडकावर टाकावा लागतो. मामा गेल्यापासून घरातला थोरला पुरुष तू आहेस. काठी तू रोवायची आहेस. ये.

हारुये


गुआम, २५ मार्च १९७९

हारुये,

पत्र मिळालं. तांदळाच्या दोन गोण्या आणि होडीच्या इंजिनाचे प्लग पुढच्या जहाजाने येतील. आईच्या गुडघ्यांचं मलम गोणीच्या तोंडाशी ठेवलं आहे. दुकानदाराला जाऊन भेट, चूक झाली म्हण आणि नोकरी परत घे.

शिबाता आपल्या घराण्याचा नव्हता. घराणं आईकडून चालतं हे तुला मी सांगायला हवं का? तो जपानी होता, परका होता. परक्यासाठी खडक बंद करायचा म्हटलं तर गावातले म्हातारे पोट धरून हसतील. ज्याला जाऊन पस्तीस वर्षं झाली त्याचं सुतक आता धरायचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

आणखी एक, ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. मी हल्ली हॅलोरनसाहेबाच्या बोटीवर वाटाड्या म्हणून जातो. जूनमध्ये आम्ही उमानला येतो आहोत. साहेबाकडे सरकारी ऑफिसचा परवान्याचा कागद आहे. जहाजाची घंटा, ऐरण, भट्टीची अवजारं, दिवे, पितळेचं मिळेल ते सगळं वर काढून तो त्याच्या देशात नेणार आहे. आपल्या खडकावर नांगर टाकायला मी हो म्हटलं आहे. यात वाईट काय? तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही की कुणी जाणारही नाही. तुला हवं तेच होईल.

तू त्या जहाजात पुन्हा जाऊ नकोस. मला लिहिताना त्याचं नावही काढू नकोस.

कासुओ


उमान, १५ एप्रिल १९७९

दादा,

तांदूळ पोचले. मलम पोचलं. आईने पाय चोळून घेतले आणि मग मला तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं. "नांगर टाकायला मी हो म्हटलं आहे" इथपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, "थांब. कुणाच्या खडकावर?"

हाच प्रश्न माझा आहे. खडकाच्या वतीने पुरुष बोलतो, पण खडक येतो आईकडून. तिच्या आईकडून तिला आला, तिच्याकडून मला येणार. तू फक्त तोंड आहेस दादा. तोंडाने घर परस्पर देऊन टाकायचं असतं का? बारा वर्षं गुआमला विजेच्या पंख्याखाली बसलास आणि हेही विसरलास?

मी चुलीचं नाव काढणार. चूल, चूल, चूल. आता काय करशील?

दुकानदाराकडे मी गेले नाही. चूक झाली म्हणायला माझी चूक काय झाली? मी घरीच आहे. अळूच्या वाफ्यात चिखल तुडवते, संध्याकाळी नीरफणस कुटते, आणि कुटताना तुझा विचार करते, त्यामुळे तो फार मऊ होतो असं आई म्हणते.

तुला आठवतं का, तू मला टाकी बांधून उतरायला शिकवलंस ते? सगळ्या गावाची नजर चुकवून, कारण भावाबहिणीने एकटं बरोबर असायचं नाही. आणि मी वेडी, बहिणीचं डोकं भावाच्या वर नको म्हणून पाण्यातसुद्धा तुझ्या खाली राहायची. तू साठ फुटांवर, तर मी सत्तर. तू चुलीच्या डेकवर उभा राहिलास, तर मी कठडा ओलांडून आणखी खाली गेले. वर येताना तू थांबलास की मी तुझ्या पायांखाली खोल पाण्यात थांबायची. खोलात हवा भराभर संपते हे ठाऊक असून मी मान वर केली नाही. शेवटी हवा संपली. तेव्हा तू माझ्या खाली आलास, माझ्या तोंडात आपली नळी दिलीस आणि तळपायाला धरून मला वर ढकललंस. किनाऱ्यावर आल्यावर आईला म्हणालास, "तिला सांग, पाण्याखाली भाऊ-बहीण नसतात. टाकीत हवा असलेला आणि नसलेला, एवढेच दोघं असतात."

त्या दिवसापासून मी तुझ्या वर राहायला शिकले. आता तूच मला खाली बस म्हणतोस.

एक विचारू? वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होते, तू सहा वर्षांचा होतास. तुला ते आठवत असणार. तरी तू त्यांना शिबाता म्हणतोस, जसं काही गोदीतल्या कारकुनाचं नाव घेतो आहेस. त्यांच्याबद्दल तू मला एक शब्दही कधी सांगितला नाहीस. का?

काठी रोवायला तू येणार नसशील तर मी रोवीन.

हारुये


गुआम, २ मे १९७९

हारुये,

बाईने काठी रोवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. रोवलीस तर ती काठी म्हणून कुणी मानणार नाही, आणि मी आल्यावर सगळ्यांदेखत उपटून टाकीन. मग तोंड कुठे लपवशील?

बाकीच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

कासुओ


उमान, २० मे १९७९

दादा,

रोवली.

सगळं सांगते, म्हणजे उपटायला येताना तुला कळेल की काय उपटतो आहेस. मी आधी सभाघरात गेले. म्हाताऱ्यांसमोर बसले, वाकायचं तितकी वाकले. फाल्टानकाका म्हणाला, "पोरी, तुझा बाप भला माणूस होता. त्याने माझी फुटकी कढई सांधून दिली होती. पण तो आपला नव्हता, आणि पस्तीस वर्षांत त्याचे मासे झाले, माशांचे पुन्हा मासे झाले. आता खडक बंद केलास तर माझ्या नातवंडांनी काय तुझं सुतक खायचं?" सगळे हसले. तू म्हणाला होतास तसेच, पोट धरून.

तेवढ्यात आई आत आली. सभाघरात ती कधी बोलत नाही हे तुला माहीत आहे. दारातच उभी राहिली, गुडघे दुखतात म्हणून खांबाला धरून.

ती म्हणाली, "विमानं येऊन गेली त्यानंतर बेटावर खायला काही नव्हतं. जपानी सैनिकांनी आपले वाफे घेतले, नीरफणस घेतले. माझा नवरा त्या पाण्यात होता, आणि काठी रोवून घ्यायची माझी वेळ होती. मी कुणाला रोवायला सांगितली नाही. का? कारण तुम्हा सगळ्यांची पोरं उपाशी होती. तुम्ही रोज माझ्या खडकावर येऊन मासे मारलेत, त्याच्या डोक्यावर होड्या उभ्या करून. मी दारात बसून बघत होते. एकालाही नाही म्हटलं नाही. फाल्टान, तूही आला होतास. आता सहा महिने दुसरीकडे जा."

कुणी हसलं नाही.  फाल्टानकाका उठला, बाहेर गेला आणि माझ्यासाठी काठी तोडून घेऊन आला. सरळ, चांगली, पक्क्या लाकडाची. म्हणाला, "रोवणार मात्र तूच. मी बघितलं नाही असं म्हणेन."

झावळ्या बायकांनी बांधल्या. आई गळ्याइतक्या पाण्यात आली, गुडघ्यांसकट. रोवताना मी मोठमोठ्याने रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला बापाचा चेहरा माहीत नाही. तरी कुणी तो ऐरणीवर मांडून हसणार असेल तर ते मी चालू देणार नाही. तुझ्या साहेबाच्या कागदावर कितीही शिक्के असू देत.

आता ये जूनमध्ये. आईसमोर उपट.

हारुये


गुआम, ४ जून १९७९

हारुये,

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरतो आहे. आईने काय म्हटलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिने कुणाला नाही म्हटलं नाही हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा जंगलात लपून बसायचो.

तू विचारलंस की मी तुला त्यांच्याबद्दल का सांगत नाही. सांगतो. एकदाच लिहीन, पुन्हा यावर बोलणार नाही.

बाबा रविवारी घरी यायचे. येताना चुलीवरच्या स्वयंपाक्याकडून खडीसाखरेचे रंगीत दाणे आणायचे, मुठीत मावतील इतके. त्या वेळी ते दोन दिवस घरी होते, पायाला भाजलं होतं म्हणून सुट्टी होती. साखर आणायची राहिली होती. मी रडायला लागलो. सकाळी उठल्यापासून रडलो, जमिनीवर लोळलो. आईने एक चापट दिली तरी थांबलो नाही. शेवटी ते हसले आणि म्हणाले, "बरं, बरं, तुझी साखर घेऊन येतो." आणि लंगडत होडीत बसले.

चुलीवर पोचलेले मी बघितले. शिडी चढताना त्यांनी मागे वळून हात केला. मग विमानं आली.

त्यांना मी पाठवलं, हारुये. सुट्टी होती त्यांना. हे आईलाही कधी म्हणालो नाही, तीही मला कधी म्हणाली नाही. तुला उतरायला शिकवत होतो तेव्हा चुलीपर्यंत नेलं, पण स्वतः आत शिरलो नाही. तुझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, कुणीतरी ते जहाज तुकड्यातुकड्याने उचलून न्यावं, तिथे नुसती वाळू उरावी. साहेब आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते म्हणून. पैशासाठी नाही. तुला तसं वाटलं असेल.

अठरा तारखेला आम्ही पोचतो. तिथे मी काय करेन ते मला माहीत नाही. या पत्राबरोबर एक पुडी पाठवतो आहे. इथल्या जपानी दुकानात मिळाली. उघडू नकोस. कुणासाठी आहे ते तुला कळेल.

कासुओ


उमान, ३ जुलै १९७९

दादा,

तू त्याच बोटीने परत गेलास, म्हणून आता लिहिते. गावात अठरा तारखेच्या गोष्टीच्या तीन-तीन तऱ्हा झाल्या आहेत. फाल्टानकाकाच्या बायकोच्या तऱ्हेत तू साहेबाला पाण्यात ढकललंस. मी ती दुरुस्त केलेली नाही. पण मी काठीजवळ होडीत होते, आणि मी जे पाहिलं ते असं.

बोट आली. तू पुढच्या टोकाला होतास. मला बघितलंस. रिवाजाप्रमाणे मी होडीत खाली बसायला हवं होतं. मी बसले नाही. उभी राहिले, आणि होडी डुलत होती म्हणून एका हाताने काठी धरली. साहेब तुला म्हणाला, ते झुडूप काढ आणि नांगर टाक. मला इंग्रजी येत नाही असं त्याला वाटत असावं.

तू कपड्यांसकट पाण्यात उडी मारलीस.  वाटलं, उपटणार. पोहत आलास, काठीला हात घातलास. काठी भरतीने थोडी कलली होती. ते मला दिसत होतं, पण एकटीला सरळ करता येत नव्हतं. तू छातीभर श्वास घेतलास आणि माझ्या पायांखाली गेलास. मी वाकून बघितलं, तू तळाशी दगड ओढत होतास, एकेक दगड काठीच्या बुडाशी ठासून बसवत होतास. तीनदा वर आलास, तीनदा खाली गेलास. मी तुझ्या डोक्यावर उभी, आणि सगळं गाव किनाऱ्यावरून बघतं आहे. काठी सरळ झाली.

साहेब ओरडला, हे काय चाललंय. तू पाण्यातूनच म्हणालास, "माझे वडील वारले."

त्याची टोपी हातात आली बिचाऱ्याच्या. म्हणाला, "अरे, कधी?"

तू म्हणालास, "आज सकाळी."

दादा, ते ऐकून मी होडीत बसले. वाकण्यासाठी नाही, तुझं तोंड जवळून बघायला. किनाऱ्यावर आईला कुणीतरी सांगितलं, तर ती म्हणाली, "हो, आजच." आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली, पस्तीस वर्षांचं. त्या संध्याकाळी मी तिला तुझं साखरेचं पत्र वाचून दाखवलं. मग ती म्हणाली ते तुला कळवायलाच हवं. "पोराला सांग, त्याच्या बापाच्या पायाला भाजलं होतं तरी तो त्या दिवशी जाणारच होता. भट्टीवर माणूस कमी होता, बोलावणं आलं होतं. साखरेचं त्याने पोराला हसवायला सांगितलं. मला वाटलं पोर विसरलं असेल." ऐकतोस ना? तिला कुणी विचारलंच नव्हतं. तू तिच्यापुढे गप्प, ती तुझ्यापुढे गप्प, आणि मधल्यामध्ये एक अख्खं जहाज बुडालेलं.

बोट गेल्यावर मी एकदाच उतरले. सुतकात उतरायचं नसतं, पण घरच्यांनी प्रेत आवरायचं असतं, म्हणून म्हाताऱ्यांनी मान फिरवली. ती नळी दातांतून काढली. कवटी आणि बाकीची हाडं बॉयलरच्या खोलीत नेली, पूर्ण आत, जिथे पाहुण्यांचे खांदे अडकतात. तुझी पुडी तिथे उघडली. दाणे खाली पडेपर्यंत विरघळत गेले. दोन-तीन तळाला पोचले असतील. रंग मला दिसले नाहीत, तिथे सगळं निळंच दिसतं.

आता कामाचं. हॅलोरनसाहेबाने मोएनहून निरोप धाडला आहे. त्याला फार वाईट वाटलं म्हणे, आणि नोव्हेंबरात सुतक सुटलं की डिसेंबरात तो परत येईल, त्याचा कागद दोन वर्षं चालतो. तुझ्या जागी दुसरा वाटाड्या घेतला आहे त्याने, हे तुला कळलं असेलच.

येऊ दे. निरोप आणणाऱ्यासमोरच बायका बोलायला लागल्या. शेजारची मेसालिना म्हणाली, चुलीवरच्या एकाने माझ्या आईला बाळंतपणात साबण दिला होता, तो माझ्या घरचा. आणखी एकीने स्वयंपाक्याला घेतलं. फाल्टानकाका म्हणाला, ज्याने मला शिट्टी वाजवायला शिकवली तो लंबू माझा, त्याच्यावर कुणी हक्क सांगू नका. आईने सांगितलं, चुलीवर दोनशेच्या वर माणसं होती, आणि कुणाच्याच नावाची काठी कधी रोवली गेली नाही. एकेकाचे सहा-सहा महिने धरले तर शंभर वर्षं होतात. गावाने मासे मारायला पलीकडचा खडक ठरवला आहे. तिथले मासे जरा कडवट लागतात, पण खाऊ.

डिसेंबरात स्वयंपाक्याची काठी आहे. साखर तोच द्यायचा, तेव्हा ती तू रोव. होडी मी आणीन आणि उभी राहीन.

हारुये